कुलपातली खोट कुणाला सांगायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, एक कल्पना करा. कापसाचा हंगाम ऐन भरात आहे. बाजार समितीच्या आवारात गाड्यांची रांग लागली आहे. कुणी रोहण्याहून आलंय, कुणी खरांगण्याहून, कुणी रात्रीच येऊन गाडीखाली अंग टाकलंय. फाटकाजवळ इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे. काट्यांची दुरुस्ती जाणणाऱ्या एका मुलाच्या लक्षात येतं, की यंत्राची चार बटणं एका ठराविक क्रमाने दाबली तर काटा क्विंटलमागे दोन किलो कमी दाखवतो. तसं कुणी करतंय का, हे त्याला ठाऊक नाही. पण करता येतं, एवढं त्याने पाहिलंय.

आता त्याने काय करावं? समितीच्या सचिवाला सांगावं? वजनमापे निरीक्षकाला? काटा बनवणाऱ्या कंपनीला पत्र टाकून उत्तराची वाट पाहावी? की भर लिलावात उभं राहून ओरडावं? ओरडला तर लिलाव बंद पडेल, शंभर गाड्या आवारात अडकतील आणि बटणांचा क्रम ज्यांना ठाऊक नव्हता त्यांनाही तो ठाऊक होईल. गप्प बसला तर रोज प्रत्येक गाडीमागे कुणाचा तरी कापूस बुडण्याची शक्यता तशीच राहील. (ही आर्वीत घडलेली गोष्ट नाही बरं का. उद्या उगाच कुणी काट्यापाशी भांडत बसू नका.)

संगणकाच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हाच पेच आहे आणि तो गेली तीस-पस्तीस वर्षं जगभर वादाचा विषय आहे. सॉफ्टवेअर माणसंच लिहितात. लाखो ओळींच्या त्या लिखाणात कुठेतरी फट राहतेच. त्या फटीतून परका माणूस आत शिरू शकतो. कंपनीला फट कळली की ती दुरुस्ती पाठवते. तिला पॅच म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत ठिगळ. प्रश्न उरतो तो फट सापडणं आणि ठिगळ लागणं यांच्या मधल्या काळाचा. त्या काळात जगाला सांगायचं की नाही? आणि सांगायचं तर केव्हा?

वाद संगणकाहून जुना आहे. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कुलूपवाल्यांनी १७९० पासून आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ठेवलं होतं आणि ते उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस लावलं होतं. साठ वर्षं कुणाला ते जमलं नाही. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपकार आला. सोळा दिवसांच्या मुदतीत मिळून सुमारे एक्कावन्न तास खटपट करून त्याने ते उघडलं. त्याआधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडलं होतं. शहरात खळबळ उडाली. ही विद्या चारचौघांत दाखवणं म्हणजे चोरांची शाळा काढणं, असं लोक म्हणू लागले. हॉब्जच्या बाजूचं म्हणणं असं होतं, की चोर आपल्या धंद्यात आपल्यापेक्षा पुढेच असतात. त्यांना नव्याने काही शिकवावं लागत नाही. अंधारात राहतो तो फक्त कुलूप विकत घेणारा. आजही दोन्ही बाजू हेच बोलतात.

ओरडून सांगण्याची किंमत किती असते, हे २००३ च्या जानेवारीत दिसलं. मायक्रोसॉफ्टच्या एका डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये डेव्हिड लिचफील्ड या इंग्रज तज्ज्ञाने एक फट शोधली. त्याने कंपनीला कळवलं, कंपनीने २००२ च्या जुलैत ठिगळ दिलं आणि मग त्याने एका परिषदेत ती फट कशी वापरता येते याचा नमुना दाखवला. रीत सगळी पाळली होती. सहा महिन्यांनी, २५ जानेवारीला, त्या नमुन्याचा आधार घेऊन कुणीतरी ‘स्लॅमर’ नावाची कीड सोडली. दहा मिनिटांत जगातले बहुतेक असुरक्षित संगणक तिने गाठले. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची हजारो एटीएम बंद पडली. ठिगळ सहा महिने पडून होतं, लोकांनी ते लावलंच नव्हतं. असा नमुना पुन्हा जाहीर करावा का, असा प्रश्न पुढे लिचफील्डलाच पडला.

आता गप्प बसण्याची किंमत पाहा. विंडोजमधली एक फट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे त्यांच्या हेरखात्याला, ठाऊक होती. दुसऱ्यांच्या संगणकांत शिरायला उपयोगी, म्हणून तिने ती कंपनीला न सांगता स्वतःजवळ ठेवली. पुढे तिचं हे हत्यारच चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये उघड्यावर पडलं. ठिगळ जेमतेम महिनाभर आधी, मार्चमध्ये, निघालं होतं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशे देशांतले संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधल्या रुग्णालयांना पेशंट परत पाठवावे लागले. २७ जूनला त्याच फटीचा फायदा घेणारी दुसरी कीड आली आणि आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. विदर्भातून परदेशी जाणारा पुष्कळसा माल याच बंदरातून जातो. अमेरिकेतल्या एका कचेरीने काही वर्षांपूर्वी धरलेलं मौन इथल्या मालाच्या पेट्यांपर्यंत असं येऊन पोचतं.

या दोन टोकांच्या मधली वाट म्हणून मुदतीची पद्धत रूढ झाली. शोधणाऱ्याने आधी कंपनीला गुपचूप कळवायचं आणि ठराविक दिवस थांबायचं. तेवढ्यात दुरुस्ती होवो न होवो, मग जाहीर करायचं. गूगलच्या एका पथकाने २०१४ पासून नव्वद दिवसांची मुदत लावली. मुदत नसेल तर कंपन्या हालत नाहीत, हा नव्वदच्या दशकातला कडू अनुभव त्यामागे होता. पत्र टाकलं की ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत’ असं उत्तर यायचं आणि वर्ष उलटायचं. पण मुदतीलाही आपली खोड आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये कळवलेल्या विंडोजच्या एका फटीचे नव्वद दिवस ११ जानेवारी २०१५ ला भरले. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती १३ तारखेला येणार होती. दोन दिवस थांबा म्हणून कंपनीने विनंती केली होती. गूगल थांबलं नाही. तत्त्व म्हणून ते बरोबर असेलही, पण त्या दोन दिवसांत कुणाचं भलं झालं हे मला कधी उमगलं नाही. सावकाराने तारखेवर बोट ठेवावं तसा तो प्रकार वाटतो.

आपल्या महाराष्ट्रात हा वाद एकदा थेट पोलीस कोठडीपर्यंत गेला, आणि त्याचा संबंध तुमच्या-माझ्या मताशी होता. मतदान यंत्राबद्दल बोलणं आज नाजूक झालंय, कारण कुठला पक्ष हरला यावर कोण शंका घेणार ते ठरतं. म्हणून घडलं तेवढंच सांगतो.

हैदराबादचे हरिप्रसाद हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. मतदान यंत्रात फेरफार करता येतो असं त्यांचं म्हणणं होतं. २००९ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना ते दाखवायला बोलावलं, पण ते प्रात्यक्षिक मध्येच थांबलं. आयोगाच्या मते त्यांना काही दाखवता आलं नाही. त्यांच्या मते त्यांना यंत्र हाताळू दिलं गेलं नाही. पुढे २०१० च्या सुरुवातीला, नाव गुप्त ठेवणाऱ्या एका व्यक्तीकडून त्यांच्या हाती एक खरं यंत्र आलं. अमेरिकेतले प्राध्यापक ॲलेक्स हॉल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंग्रिप यांना बरोबर घेऊन त्यांनी ते तपासलं आणि एप्रिल २०१० मध्ये चित्रफीत जाहीर केली. आकडे दाखवणारा भाग बदलून तिथे तसाच दिसणारा दुसरा बसवला तर मोबाईलवरून निकाल फिरवता येतो, असं तीत दाखवलं होतं. यंत्रात साठवलेली मतं बदलणारं, चिमट्यासारखं लावायचं एक छोटं उपकरणही होतं. दोन्हींसाठी यंत्र हातात येणं आणि उघडणं गरजेचं होतं. यंत्रं मोहोरबंद असतात, पहाऱ्यात असतात, असं आयोगाचं उत्तर होतं. अमुक एका निवडणुकीचा निकाल असा फिरवला गेला, असा या तिघांचा दावा नव्हता. तसं करणं शक्य आहे, एवढंच ते सांगत होते. वजनकाट्याची गोष्ट आठवा.

मग प्रश्न निघाला, की यंत्र आलं कुठून? ते मुंबईच्या जुन्या कस्टम हाऊसमधल्या जिल्हाधिकारी कार्यालयातून गेलं, अशी तक्रार झाली. २१ ऑगस्ट २०१० ला मुंबई पोलिसांनी हैदराबादला जाऊन हरिप्रसाद यांना घरातून ताब्यात घेतलं आणि मुंबईला आणलं. यंत्र कुणी दिलं ते सांगा, असा तगादा होता. त्यांनी नाव सांगितलं नाही. आठवड्याने, २८ तारखेला, त्यांना जामीन मिळाला.

कायद्याच्या भाषेत ही अटक दोष दाखवल्याबद्दल नव्हती, सरकारी मालमत्तेच्या चोरीच्या तक्रारीवरून होती. ते मान्य केलं पाहिजे. सरकारी कोठारातून यंत्र नाहीसं होणं ही काही लहान गोष्ट नाही. पण मला खटकतं ते दुसरंच. एखादं यंत्र बाहेर जाऊन महिनोन् महिने परक्या टेबलावर पडून राहू शकतं, हीच मुळात पहाऱ्यातली केवढी मोठी खोट! ती उघडकीला आली ती या चित्रफितीमुळेच, आणि कोठडी मात्र ज्याने दाखवलं त्याच्या वाट्याला आली. तपासायला यंत्र रीतसर मिळालं असतं तर आडवाटेने आलेलं यंत्र घेण्याची वेळच आली नसती. दार ठोठावणाऱ्याला आत घ्यायचं नाही आणि खिडकीतून डोकावला की चोर म्हणायचं, हे काही शहाणपणाचं नव्हे.

पुढे काय झालं? ऑक्टोबर २०१० मध्ये आयोगाने सर्व पक्षांची बैठक घेतली. मताची कागदी चिठ्ठी दाखवणारं जोडयंत्र तपासून पाहावं, असं तिथे ठरलं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये नियम बदलले, सप्टेंबरात नागालँडमधल्या नोकसेनच्या पोटनिवडणुकीत ते यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं आणि ८ ऑक्टोबर २०१३ ला ते टप्प्याटप्प्याने सगळीकडे बसवण्यास सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. २०१९ च्या लोकसभेला आपल्या आर्वीतही, वर्धा मतदारसंघात, बटण दाबल्यावर काचेआड सात सेकंद दिसणारी ती चिठ्ठी तुम्ही पाहिली असेल. याचं सगळं श्रेय एका चित्रफितीला देता येणार नाही. पक्षांचा रेटा होता, कोर्टात याचिका होत्या. पण बोललंच गेलं नसतं तर चिठ्ठीही नसती, असं मला वाटतं. २६ एप्रिल २०२४ ला न्यायालयाने कागदी मतपत्रिकांकडे परतण्याची आणि सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत काही यंत्रांच्या चिपची तपासणी मागण्याची सोय दिली. म्हणजे २००९ साली जे मागितलं जात होतं, त्याची एक अगदी अरुंद खिडकी पंधरा वर्षांनी उघडली.

बँकांची तऱ्हा वेगळी. तिथे ओरडणारा कुणी नसतो, कारण ग्राहक घाबरेल ही भीती सगळ्यांनाच असते. २०१६ साली एका खासगी बँकेच्या एटीएमचं जाळं सांभाळणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत कीड शिरली. मे ते जुलैच्या दरम्यान तिथे वापरलेल्या कार्डांची माहिती चोरीला जात होती. बँकांना सप्टेंबरमध्ये वास लागला. सर्वसामान्य माणसाला कळलं ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, वर्तमानपत्रांतून. तेव्हा सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात असल्याचा आकडा पुढे आला. अनेकांना आपलं कार्ड बंद झाल्याचं एटीएमसमोर उभं राहिल्यावर समजलं. प्रत्यक्ष तक्रारी एकोणीस बँकांच्या ६४१ ग्राहकांच्या होत्या आणि रक्कम सव्वा कोटींच्या आसपास. म्हणजे नुकसान त्या मानाने थोडं. पण मधल्या आठवड्यांत ‘पिन बदला’ एवढे दोन शब्द कुणी सांगितले असते तर काय बिघडलं असतं?

त्यानंतर पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रचं प्रकरण आलं. मोबाईलवरून पैसे पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे, देणाऱ्याच्या खात्यात पुरेसे पैसे नसतानाही घेणाऱ्याच्या खात्यात ते जमा होत होते. सुमारे २५ कोटी रुपये गेले. मार्च २०१७ मध्ये ते जाहीर झालं. एक गोष्ट ध्यानात घ्या. ही फट पकडणारा पहिला माणूस कुणी शास्त्रज्ञ नसणार. कुणीतरी सहज रक्कम टाकली असेल, ती गेली असेल, आणि त्याने बँकेला कळवण्याऐवजी शेजाऱ्याला सांगितलं असेल. बँकेला सांगायला जावं तर आपल्यालाच धरतील, ही धास्ती आपल्याकडे असतेच.

ती धास्ती अगदी अनाठायीही नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणं हेच मुळात चूक. हेतू चांगला होता, असं म्हणणाऱ्यासाठी त्यात स्पष्ट संरक्षणाचं कलम नाही. गुन्हा ठरायला अप्रामाणिक हेतू लागतो हे खरं, पण तो नव्हता हे सिद्ध होईपर्यंत वकिलाची पायरी चढावी लागते. दिल्लीची ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था २००४ पासून या कामासाठी आहे. तिला फट कळवता येते आणि ती कंपनीशी बोलते. २०२२ पासून हल्ला झालेल्या संस्थेने सहा तासांत तिला खबर देणंही सक्तीचं आहे. सहा तास, हे ऐकायला फार छान वाटतं. पण ही खबर सरकारला द्यायची असते, खातेदाराला नव्हे. खातेदाराला सांगण्याची तरतूद २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात आली, ती कसोटीला लागेल तेव्हा पाहू.

आता आर्वीकडे येतो, कारण या वादात आपल्यासारख्या गावाचा विचार कुणी केलेला मला दिसत नाही. नव्वद दिवस मोजले जातात ते कंपनीच्या दारापासून. ठिगळ तयार झालं की त्यांच्या लेखी काम संपलं. आमच्याकडे खरी वाट तिथून पुढे सुरू होते. २००५-०६ चे दिवस आठवा. संगणक घेतला की दुकानदार विंडोजची कॉपी टाकून द्यायचा आणि ‘अपडेट’ बंद करून ठेवायचा, नाहीतर पडद्यावर ‘तुमची प्रत अस्सल नाही’ अशी पाटी यायची. ज्याच्याकडे अस्सल प्रत होती त्याची टेलिफोनच्या तारेवरून ठिगळ उतरता उतरता संध्याकाळ व्हायची, आणि तेवढ्यात भारनियमनाची वेळ. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. ती ठिगळं पुष्कळ संगणकांना कधी लागलीच नाहीत. पुण्या-मुंबईत जी फट तीन महिन्यांत बुजली, ती इथे तीन वर्षं उघडी होती. अशा ठिकाणी फट चित्रासकट जाहीर झाली की ती पहिल्यांदा कुणाच्या घरात वापरली जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून काय गप्प बसायचं? नाही. गप्प बसलात तर आमच्यापर्यंत ठिगळ तर येत नाहीच, बातमीही येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की सांगण्याचे दोन भाग करावेत. फट आहे आणि तुम्ही अमुक करा, हे लवकर, मोठ्याने आणि मराठीत. फट कशी वापरायची याचा तपशील उशिरा. गूगलच्या पथकाने २०२१ मध्ये काहीसं हेच केलं. नव्वद दिवसांत दुरुस्ती झाली, तर तांत्रिक तपशील त्यानंतर आणखी तीस दिवस राखून ठेवायचा, लोकांना ठिगळ लावायला वेळ द्यायचा. तीस दिवस आर्वीला पुरतात का? पुरत नाहीत. पण ठिगळ लावणारा माणूस त्यांच्या हिशेबात आला, हेही नसे थोडके. सरकारी सूचनांचं मात्र अवघड आहे. त्या सहसा इंग्रजीत निघतात आणि त्यात सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचे आकडे असतात. सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराने त्यातून काय उचलायचं?

भारनियमनाची जागा आता जुन्या फोनने घेतली आहे. हंगाम आटोपला की घरात सहा-सात हजारांचा फोन येतो. त्याला वर्ष-दोन वर्षं ठिगळं मिळतात, मग कंपनी हात आखडते. फोन मात्र पाच वर्षं चालतो, आजोबांकडून नातवाकडे जातो आणि चुकाऱ्याचे पैसे त्याच फोनवर जमा होतात. आज घरी गेल्यावर एक करून पाहा. फोनच्या सेटिंगमध्ये, ‘अबाउट फोन’ किंवा ‘सिक्युरिटी’ असं लिहिलेलं असतं तिथे, शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख सापडेल. ती दोन वर्षांपूर्वीची असेल, तर त्यानंतर जाहीर झालेल्या फटी त्या फोनमध्ये बुजलेल्या नाहीत असं समजा. अशा फोनवर कापसाचा सगळा चुकारा असलेलं खातं जोडू नका. वेगळं खातं काढा, किराण्यापुरते पैसे त्यात ठेवा आणि रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करायची असेल तर बँकेत जाऊन तसा अर्ज द्या.